हलक्या हाताचा स्पर्शोपचार: दुखण्यात विसावा देणारी क्रेनिओसेक्रल पद्धत घरी कशी करावी

क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणजे डोक्याची कवटी, पाठीचा कणा आणि कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थी या भागांवर अतिशय हलका हात ठेवून, बराच वेळ जवळजवळ न हलता, केला जाणारा स्पर्शोपचार होय. यात तेल लागत नाही, चोळणे-रगडणे नसते, आणि हाडे कडकडवणे तर मुळीच नसते. उपचार घेणारी व्यक्ती सैल सुती कपड्यांत निवांत झोपते आणि देणारी व्यक्ती तिच्या पायांशी, कमरेशी आणि शेवटी डोक्याशी बसून एकेका जागी काही मिनिटे हात टेकवून ठेवते. आपल्याकडे नागपुरात अंग दुखले की तेल लावून रग जिरेपर्यंत दाबून घेण्याची सवय घरोघरी आहे, आणि केस कापून झाल्यावर चंपी करून मान कडकडवून घेणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे हा उपचार पहिल्यांदा घेणाऱ्याला "नुसता हात ठेवून काय होणार?" असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते आणि मग कृतीकडे वळते.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडे-सांधे-स्नायू हाताने हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीत, आहे. मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे शिकलेले विल्यम गार्नर सदरलँड (1873–1954) यांना कवटीच्या हाडांचे सांधे पाहून असे वाटले की ही हाडे मोठ्या वयातही किंचित हलत असावीत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी त्यावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात काम केलेले जॉन अपलेजर (1932–2012) यांनी तिला आजचे नाव आणि आजचे रूप दिले आणि 1985 मध्ये फ्लोरिडात प्रशिक्षणसंस्था स्थापन केली. त्यांचे म्हणणे असे की मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या द्रवाची स्वतःची एक लय असते, ती मिनिटाला साधारण 6 ते 12 वेळा उमटते, सरावलेल्या हाताला ती जाणवते, आणि त्या लयीतील अडथळे हलक्या स्पर्शाने दूर करता येतात.

या सिद्धान्ताचा पाया पक्का नाही, हे मी प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगते. मेंदूभोवतीचा द्रव खरोखर असतो. प्रौढ माणसात तो सुमारे 150 मिलिलिटर असतो, दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. त्याची हालचालही होते, पण ती मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांमुळे आणि श्वासामुळे होते. प्रौढांच्या कवटीचे सांधे हाताच्या हलक्या दाबाने हलवता येण्याजोगे राहिलेले नसतात. एकाच व्यक्तीची 'लय' दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांना मोजायला सांगितली असता त्यांचे आकडे जुळत नाहीत, हे अनेकदा तपासून झाले आहे. परिणामांविषयीचे संशोधनही एकमुखी नाही. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या 54 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ आठवडे हा उपचार घेतलेल्यांना केवळ वरवरचा स्पर्श मिळालेल्यांपेक्षा अधिक आराम पडला. 2019 मध्ये 681 रुग्णांच्या 10 चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जुनाट दुखण्यांत फायदा आढळला. मात्र 2024 मधील आढाव्याने अशा फायद्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष काढला.

मग हा उपचार करायचाच कशाला? माझे उत्तर असे आहे की दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास कोणी घाई न करता, काही न मागता, स्थिर हाताने धरून ठेवते तेव्हा त्याचा श्वास खोल होतो, मान आणि खांदे सैल पडतात, झोप लागायला मदत होते आणि दुखण्याची धार काही काळ कमी होते. त्वचेत हलक्या, सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात आणि सुरक्षित वाटले की शरीराचा विश्रांतीचा भाग जागा होतो, हे शरीरशास्त्राला मान्य आहे. ताणामुळे येणारी डोकेदुखी, अवघडलेली मान, थकव्याने भरून आलेली पाठ आणि उडालेली झोप यांसाठी एवढा विसावा पुष्कळदा मोलाचा ठरतो. परंतु या हाताने गाठ विरघळत नाही, मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर बसत नाही, रक्तदाबाची गोळी सुटत नाही. ही मर्यादा मान्य असेल तरच पुढची कृती शिकावी.

हात लावण्यापूर्वी काय विचारावे

घरच्या माणसाला हात लावण्याआधी पाच मिनिटे त्याच्याशी बोलावे. दुखणे केव्हापासून आहे, कशाने वाढते, कशाने कमी होते, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी डोक्याला किंवा कण्याला मार लागला होता का, शस्त्रक्रिया झाली होती का, हे सगळे विचारून घ्यावे. काही दुखण्यांत हा उपचार करत बसणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक उठलेली प्रचंड डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी गुंगी किंवा उलट्या, छातीतून जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही असल्यास 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला तातडीने मेडिकल (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मेयो, एम्स किंवा जवळच्या ज्या रुग्णालयात तातडीची सोय असेल तेथे न्यावे. पाठदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतील भाग बधिर झाला तरीही तसाच तातडीने निर्णय घ्यावा. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि विनाकारण घटत जाणारे वजन यांत आधी डॉक्टरांची तपासणी, मग बाकी सगळे.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी येथे मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उन्हातून आलेल्या माणसाचे दुखणारे डोके हे बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाल्याचे लक्षण असते. त्याला प्रथम सावलीत बसवावे, ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले पाणी घोटघोट पाजावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात समजावा. त्यात क्षणाचाही विलंब परवडत नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे आणि त्यात हाडे, सांधे, पाठ किंवा पोट असह्य दुखण्याचे झटके येतात. त्या झटक्यात रुग्णाला रुग्णालयातील उपचारांची गरज असते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याचे दुखणे या स्पर्शाने उतरवण्याचा प्रयत्न करू नये.

मेंदूतील रक्तस्राव, रक्तवाहिनीचा फुगवटा, कवटीचे अलीकडचे फ्रॅक्चर, मेंदूची शस्त्रक्रिया, मेंदूतील जादा द्रव वाहून नेण्यासाठी डोक्यात बसवलेली शंटची नळी, मेंदूवरील वाढलेला दाब, कियारी विकृती (मेंदूचा मागचा भाग कवटीतून खाली मानेकडे उतरलेला असणे) आणि नुकतेच पाठीतून पाणी काढलेले असणे, या स्थितींत डोके आणि मानेवरचा हा उपचार करू नये. गर्भवती स्त्रीला केवळ तिच्या डॉक्टरांची परवानगी असेल तरच, आणि तेही पायांपुरता व खांद्यांपुरता हात लावावा.

तान्ह्या बाळांबाबत माझे मत ठाम आहे: बाळाच्या डोक्यावर हा उपचार करू नये, कोणाकडून करूनही घेऊ नये. बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. मागची टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत आणि पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत भरून येते. टाळूवर तेल घालणे, डोक्याला आकार देणे या प्रथा घरच्या मायेपोटी आल्या असल्या तरी रडणाऱ्या किंवा दूध टाकणाऱ्या बाळाचे डोके हाताळणे हा उपाय नाही. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

जागा, वेळ आणि आपले हात

खोली शांत हवी, उजेड मंद हवा. उन्हाळ्यात दुपारऐवजी पहाटे किंवा दिवेलागणीनंतर बसावे. कूलर चालू ठेवायचा असेल तर त्याचा थेट झोत डोक्या-मानेवर येणार नाही असा त्याचा रोख फिरवावा आणि शक्य असल्यास गती कमी करावी, कारण अर्धा तास स्थिर पडलेल्या अंगावर गार झोत आला की मान सुटण्याऐवजी धरते. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण असते. त्या दिवसांत हात गार असतात, म्हणून ते कोमट पाण्यात धरून, नीट कोरडे करून मगच टेकवावेत आणि झोपलेल्या व्यक्तीच्या अंगावर सोलापुरी चादर किंवा पातळ दुलई घालावी.

झोपण्यासाठी दिवाणावरची घट्ट गादी सर्वांत चांगली. फार मऊ गादीत अंग बुडते आणि कमरेखाली हात सरकवता येत नाही. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गादी घातली तरी चालते, पण मग देणाऱ्याने आपल्या बसण्याची सोय आधी पाहावी, कारण अवघडून बसलेल्याचा हात हलका राहत नाही. पाट, उशी, भिंतीचा टेकू, जे लागेल ते घ्यावे आणि कोपर नेहमी गादीवर किंवा उशीवर टेकलेले असावेत. झोपणाऱ्याच्या गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवली की कमरेचा ताण लगेच उतरतो. नखे कापलेली असावीत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

आता हाताच्या वजनाविषयी. या पद्धतीत स्पर्शाचा भार साधारण पाच ग्रॅम असावा असे शिकवले जाते. पाच ग्रॅम म्हणजे किती हे बोलून कळत नाही, म्हणून दोन रुपयांचे नाणे घ्यावे; 2012 ते 2018 मधल्या नाण्याचे वजन पाच ग्रॅमच्या किंचित खाली भरते. ते नाणे स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूवर ठेवून डोळे मिटावेत. त्वचेला नाणे कळते, पण त्याखालचे मांस दबत नाही. ते नाणे काढून त्याच जागी दुसऱ्या हाताची दोन बोटे तेवढ्याच भाराने ठेवून पाहावीत. पहिल्या खेपेला बहुतेकांचा भार कितीतरी जास्त पडतो. स्वयंपाकघरात वजनाचा डिजिटल काटा असेल तर त्यावर बोटे ठेवून आकडा पाहता येतो आणि हाताची समजूत लवकर पटते. हा सराव आठवडाभर तरी करावा. माझ्या दृष्टीने या उपचारातील खरे कौशल्य एवढेच आहे, आणि जो हे टाळतो तो पुढे सगळे नीट केले तरी शेवटी दाबतच राहतो.

घेणारी व्यक्ती मात्र दाब मागते. माझ्या सासूबाईंच्या मानेच्या मणक्यांची झीज झालेली आहे. त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून मी त्यांना आठवड्यातून एकदा हा स्पर्श देते, आणि सुरुवातीला दर वेळी त्या म्हणत, "अगं, दाब ना जराशी, नुसता हात काय ठेवतेस?" तेव्हा त्यांना "आई, पाच मिनिटं असंच राहू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं करू" असे सांगितले की पुरे होत असे. पाच मिनिटांनंतर सहसा दाब मागितला जात नाही. मागितलाच तरी झिजलेल्या मणक्यांच्या मानेवर जोर देऊ नये, हे अशा वेळी प्रेमाने पण स्पष्ट सांगावे लागते.

प्रत्यक्ष कृती

सुरुवात पायांपासून करावी. पायांशी बसून दोन्ही टाचा तळहातांत अशा घ्याव्यात की पायांचा भार गादीवरच राहील आणि हात फक्त खालून टेकलेले असतील. ओढू नये, उचलू नये. दोन-तीन मिनिटे आपलाच श्वास पाहत बसावे. उपचार देणाऱ्याचा श्वास उथळ असेल तर हात ताठ राहतात, आणि ताठ हात झोपणाऱ्याला लगेच कळतो. या वेळात घेणाऱ्याचे पाय बहुधा बाहेरच्या बाजूला किंचित कलंडतात. ते झाले की पुढे जावे.

नंतर त्रिकास्थी. कमरेच्या खाली, दोन नितंबांच्या मधोमध, पाच मणके जुळून झालेले हे त्रिकोणी हाड आहे आणि त्याच्या टोकाला माकडहाड असते. प्रशिक्षित थेरपिस्ट उताण्या झोपलेल्या व्यक्तीच्या खाली हात सरकवून हे हाड तळहातात घेतात. घरात, नात्याच्या मर्यादा सांभाळायच्या असताना, मला कुशीवरची पद्धत अधिक योग्य वाटते. व्यक्तीला कुशीवर वळवून गुडघे थोडे दुमडावेत, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी, "कमरेवर हात ठेवते" असे सांगून होकार घ्यावा आणि तळहात कपड्यांवरूनच त्या हाडावर सपाट टेकवावा, बोटे डोक्याच्या दिशेला ठेवावीत. दुसरा हात दोन खांद्यांच्या मधल्या पाठीवर ठेवता येतो. तळहाताखाली श्वासाची मंद वर-खाली हालचाल जाणवते. काही जण तिलाच द्रवाची लय म्हणतात. तिला कोणतेही नाव दिले तरी आपले काम एकच आहे: तिला वळण न लावता, न थांबवता तिच्यासोबत राहणे. पाच ते सात मिनिटे पुरेशी होतात. कंबर सतत धरणाऱ्यांना, विशेषतः दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्यांना किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्यांना, येथे सर्वांत जास्त बरे वाटते असे मी पाहिले आहे.

तिसरी जागा बरगड्यांच्या कमानीची. व्यक्ती पुन्हा उताणी झाली की एक हात कमरेच्या वर, पाठीखाली सरकवावा आणि दुसरा पोटाच्या वरच्या भागावर, बरगड्या जेथे संपतात तेथे आडवा ठेवावा. वरच्या हाताचा भार नाण्याएवढाच. चिंतेने ज्यांचा श्वास छातीतच अडकलेला असतो त्यांचा श्वास येथे हळूहळू पोटापर्यंत उतरतो. जेवणानंतर दोन तासांच्या आत ही जागा घेऊ नये.

आता डोके, जेथे सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे. व्यक्तीच्या डोक्यामागे बसावे, उशी काढून टाकावी किंवा घडी घातलेला टॉवेल तेवढा ठेवावा. वाकलेल्या पाठीच्या वृद्धांची उशी मात्र पूर्ण काढू नये, त्यांची हनुवटी वर उचलली जाते आणि मानेला त्रास होतो. दोन्ही तळहात वर करून, केस ओढले जाणार नाहीत अशा बेताने, डोक्याखाली हळू सरकवावेत. डोक्याचा मागचा गोलवा तळहातांत बसला पाहिजे आणि बोटांची टोके कवटीच्या मागच्या कडेच्या लगेच खाली, मानेचे मऊ स्नायू सुरू होतात तेथे, टेकली पाहिजेत. ही कड शोधायला अवघड नाही: मानेवरून बोट वर नेत गेले की मऊ संपून कठीण सुरू होते, तीच ती जागा. डोके चार-पाच किलोचे असते, त्यामुळे येथे पाच ग्रॅमचा नियम लागू होत नाही. मात्र भार डोक्याचा असतो, आपला नाही. बोटे वर ढकलायची नाहीत, टोचायची नाहीत, मान ओढायची नाही, फिरवायची तर अजिबात नाही. फक्त हात तेथे ठेवायचा आणि डोके आपोआप जड होण्याची वाट पाहायची.

पहिली दोन-तीन मिनिटे डोके हातात असूनही हलके लागते, कारण झोपलेली व्यक्ती नकळत ते स्वतःच उचलून धरत असते. मग केव्हा तरी एक मोठा श्वास बाहेर पडतो, ती आवंढा गिळते, पोटात गुरगुर होते, मिटलेल्या पापण्या थरथरतात आणि पाठोपाठ डोक्याचे खरे वजन तळहातांत उतरते. बोटांखालचे स्नायू, जे आधी ताणलेल्या दोरीसारखे लागत होते, ते सैल आणि उबदार लागू लागतात. एक बाजू दुसरीच्या आधी सुटते, हे अगदी स्वाभाविक आहे. जी बाजू अडून आहे तिच्यावर जोर न देता दोन्ही हात तसेच ठेवावेत. येथे सात ते दहा मिनिटे द्यावीत. बोलू नये, आणि "बरं वाटतंय का?" असे सारखे विचारून त्या व्यक्तीला पुन्हा जागे करू नये.

त्यानंतर हात अलगद काढून कपाळावर आणावेत. दोन्ही हातांची बोटे भुवयांच्या वर, तळवे केसांच्या रेषेशी, आणि भार इतका कमी की कपाळाची त्वचाही सरकणार नाही. ताणाने डोके दुखणाऱ्यांना दोन-तीन मिनिटांत येथे बरे वाटू लागते. अर्धशिशीच्या ऐन झटक्यात पुष्कळांना कोणताही स्पर्श नकोसा होतो, तेव्हा हात लावू नये. अंधारी खोली, डॉक्टरांनी दिलेले औषध आणि शांतता हेच त्या वेळी हिताचे. डोळ्यांवर दाब येता कामा नये.

कान धरून ओढणे, तोंडात बोट घालून टाळूवर काम करणे, आणि कवटीच्या मागच्या हाडावर दोन्ही अंगठ्यांच्या उंचवट्यांनी दाब देऊन लय 'थांबवणे', या कृती पाहून करण्याचा मोह होतो. त्या प्रशिक्षण घेतलेल्यांसाठीच राहू द्याव्यात.

शेवटी पुन्हा पायांशी येऊन टाचा एक-दोन मिनिटे धराव्यात आणि हात सोडावेत. लगेच उठवू नये. दोन मिनिटे तसेच पडू द्यावे, मग कुशीवर वळवावे आणि हाताचा आधार देऊन बसवावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. पिण्यासाठी पाणी द्यावे. एकूण वेळ पस्तीस-चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नये.

मध्येच चक्कर, मळमळ, हातात मुंग्या किंवा दुखण्यात वाढ झाली तर थांबावे आणि डोक्याखालचे हात सावकाश काढून उशी द्यावी. काही जणांना स्थिर स्पर्शात रडू येते. घाबरू नये, कारण खोदून विचारू नये; "थांबू का?" एवढेच विचारावे आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे वागावे.

एकटे असताना

घरात कोणी हात लावणारे नसेल तर दोन टेनिस बॉल एका पायमोज्यात घालून मोज्याला घट्ट गाठ मारावी. गल्लीत क्रिकेट खेळणारे मूल घरात असेल तर बॉल विकत आणावे लागणार नाहीत. उताणे झोपून हे जोड-बॉल कवटीच्या मागच्या कडेवर, म्हणजे मानेच्या मऊ भागावर नव्हे तर त्याच्या वरच्या हाडावर येतील असे ठेवावेत आणि पाच मिनिटे, फार तर दहा मिनिटे, डोके त्यांवर सोडून द्यावे. बॉल कठीण लागत असतील तर टॉवेलची घट्ट गुंडाळी वापरावी. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मानेतून हातात कळ जाणाऱ्यांनी आणि झोप लागून जाण्याचा संभव असणाऱ्यांनी बॉल वापरू नयेत.

नोंद ठेवावी, आणि कोणाकडे जावे

एका वहीत उपचारापूर्वी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखण्याला 0 ते 10 यांपैकी गुण द्यावेत. 0 म्हणजे दुखणे नाही आणि 10 म्हणजे सोसवत नाही. सोबत रात्री किती तास झोप लागली आणि वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का, हेही लिहावे. लगेच नंतरचा आकडा जवळपास नेहमीच चांगला येतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. दुसऱ्या दिवशीचा आकडा महत्त्वाचा. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा असे चार आठवडे करून पाहावे. सकाळचे आकडे खाली आलेले नसतील तर हा उपचार त्या दुखण्यासाठी नाही असे समजून फिजिओथेरपिस्टांकडे जावे. मानेच्या आणि कमरेच्या जुनाट दुखण्यात व्यायामाला पर्याय नाही, आणि स्पर्शाने आलेला सैलपणा टिकतो तोही बहुधा त्या व्यायामांमुळेच. मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे, आणि धंतोली-रामदासपेठ भागात खासगी दवाखान्यांची वाण नाही.

पैसे देऊन क्रेनिओसेक्रल थेरपिस्टांकडे जायचे असेल तर त्यांची मूळ पदवी विचारावी. भारतात ही पद्धत आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध किंवा होमिओपॅथीप्रमाणे शासनमान्य वैद्यक पद्धतींत मोडत नाही, त्यामुळे केवळ या थेरपीच्या प्रमाणपत्राने कोणी डॉक्टर होत नाही. फिजिओथेरपीची किंवा वैद्यकाची पदवी असून वर हे शिकलेली व्यक्ती असेल तर उत्तम. पहिल्या भेटीत त्या व्यक्तीने आजारांची चौकशी केली का, अहवाल पाहिले का, हात लावण्यापूर्वी परवानगी घेतली का, हे पाहावे. कर्करोग, मधुमेह, मिरगी किंवा स्वमग्नता बरी करून देण्याची हमी कोणी देत असेल, चालू औषधे बंद करायला सांगत असेल, किंवा वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागत असेल, तर तेथून निघावे. अशा हमीच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशात 1954 पासून आहे. स्त्री रुग्णासोबत घरचे कोणी खोलीत बसू इच्छित असेल तर त्याला हरकत घेणाऱ्याकडेही जाऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना दुखण्याच्या नोंदींची ती वही सोबत न्यावी आणि घरी हा स्पर्शोपचार चालू आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगावे. दुखणे दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते आणि गोळी किती दिवसांनी लागते, हे वहीतून त्यांना एका नजरेत कळते आणि पुढची तपासणी कोणती करायची ते ठरवणे सोपे जाते.